दुधात मळलेलं पीठ

भामाबाईचं तोंड फुटलं ते दिवाळीनंतरच्या वाऱ्यानं, असं वस्तीवरचे सगळे म्हणत. तिच्या सुनेला, हरणाला, ते पटत नव्हतं. आटपाडीच्या पूर्वेकडच्या त्या उघड्या माळावर वारा सगळ्यांनाच सारखा लागे, माणसांना, शेरडांना, बाभळींनाही. एकट्या भामाबाईनंच त्याचं काय घोडं मारलं होतं? तिच्या गालांवर आधी पांढरी खवलं धरली, मग बारीक भेगा पडल्या, आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत ओठांच्या दोन्ही कडा चिरल्या. घास घ्यायला तोंड उघडलं की रक्त येई. म्हातारी ते पदरानं टिपायची आणि तशीच चावत राहायची.

खरं कारण हरणाला माहीत होतं. वस्तीलाही माहीत होतं. पण ते तोंडानं बोलायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी मिळून बिचाऱ्या वाऱ्याला दोष देऊन टाकला होता.

भामाबाईचा एकुलता एक मुलगा धुळा, म्हणजे हरणाचा नवरा, दोन वर्षांमागं साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाला. मेंढरांमागं फिरायचा कंटाळा आला होता की खाकी कपड्याची हौस होती, कोण जाणे. बापाला, नानासोला, त्यानं आधी सांगितलंसुद्धा नाही. केस बारीक कापून दारात उभा राहिला तेव्हा घराला कळलं. मग थोडे दिवस घरी राहून तो गेला, आणि पुढं ब्रह्मदेशाच्या लढाईवर त्याची पलटण धाडल्याचं कळलं. त्याच आठवड्यात भामाबाई बिरोबाच्या देवळात गेली, कपाळाला भंडारा लावला आणि देवाला म्हणाली, "माजा धुळा माघारी येईस्तवर दूध, दही, तूप, त्याल यातलं कायबी मी घेनार न्हाई. खानार न्हाई आन् अंगालाबी लावनार न्हाई."

धनगराच्या घरात दूध सोडायचं म्हणजे जेवणच सोडल्यासारखं. त्या माळावर भाजीपाला मिळे तो पावसाळ्यात आणि थंडीत थोडाफार. एरवी ज्वारीची भाकरी, मिरची, आणि शेरडांचं दूध. घरचं माणूस संकटात असलं की तिथल्या बाया असं काही ना काही सोडत, आणि सोडायचं ते सोपं नसावं, अशी रीत होती. देवाला फसवून चालत नाही. भामाबाईनं देवाला चांगलं भरभक्कम दिलं होतं.

हरणाही सोडायला निघाली होती. सासूनं तिला उडवून लावलं.

"गप बस. तू सवाशीन हायस. तू खायाचं, प्यायाचं, डोईला त्याल लावायचं. धुळा आला की आदी तुज्या तोंडाकडं बगंल. माज्या थोबाडाकडं कोन बगतंय?"

आणि नुसतं बोलून ती थांबली नाही. रोज सकाळी शेळीची धार काढून दुधाचा वाडगा हरणाच्या हातात द्यायची आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. त्यामुळं एकाच चुलीपाशी बसणाऱ्या दोघींपैकी सुनेचे गाल मऊ, आणि सासूचे उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखे. हरणाला दूध गिळताना लाज वाटे. नको म्हणायची सोय नव्हती.

थंडीत नानासो मेंढरं घेऊन कृष्णेकाठी उतरला, तसा घरात दोघीच राहिल्या. मग एक दिवस विहिरीवर शेजारची दगडाबाई आपली घागर बाजूला ओढून म्हणाली, "भामे, तू जरा पल्याडच्या अंगानं भर गं." एवढंच म्हणाली. पण बाकीच्या बायांनीही आपापल्या घागरी सरकवल्या. महारोग हा शब्द कुणी काढला नाही, काढायची गरजही नव्हती. भामाबाईनं पल्याडच्या अंगानं पाणी भरलं. हरणाच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. वस्तीवरचीच दोन माणसं घोंगड्या विकायला सांगलीच्या बाजाराला निघाली होती. माधवनगरात हरणाची मावशी राहायची, शालूबाई. तिचा नवरा तिथल्या गिरणीत कामाला होता. मावशीला भेटून येते म्हणून हरणा त्यांच्याबरोबर मोटारीत बसली. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. प्रत्येक चढाला मोटार थांबे आणि सगळ्यांनी उतरून ढकलायची. असा तो थाटाचा प्रवास.

शालूबाईनं तिला सांगलीत एका वैद्याकडं नेलं. वैद्य म्हातारा आणि तिरसट होता.

"तुझ्या तोंडाला काय धाड भरलीय? चांगलं तर आहे," तो हरणाला म्हणाला.

"माजं न्हवं जी. सासूचं."

"मग सासूला आणायचं की! बरं, बोल. भेगांवर चटका लागला, काटा टोचला तर कळतं का तिला?"

"कळतंय की. नुसतं पानी लागलं तरी झोंबतंय म्हनत्यात."

"मग महारोग नाही. लोकांना सांग, डोकी ठिकाणावर ठेवा. खाते काय?"

हरणानं सांगितलं. भाकरी, मिरची, मीठ. दुधाचं विचारल्यावर ती खाली बघायला लागली, तेव्हा शालूबाईनंच नवसाची गोष्ट सांगून टाकली.

वैद्यानं चष्मा काढून पुसला. "बाई, कातडं वरून कोरडं पडत नाही, आतून पडतं. पोटात ओशट काही जातच नसेल तर गाल मऊ राहतील कशाचे? दूध द्या, तूप द्या. ते नाही तर तीळ द्या, जवस द्या, शेंगदाणे द्या. हिरवा पाला रोज पाहिजे. आणि पाणी किती पिते ते बघ. तुम्ही कोरडवाहू लोक पाणी पिण्यातसुद्धा कंजुषी करता. तोंड कशानं घासते? राखेनं? ते आधी बंद कर. कढत पाणी तोंडावर घ्यायचं नाही. वाऱ्यात जाताना पदर तोंडावरून घ्यायचा. आणि झोप. झोपते का ती?"

"न्हाई जी. उटून बसत्यात. पोराच्या काळजीनं."

"त्याला माझ्याकडं औषध नाही."

"आन् नवसाचं काय करायचं?" हरणानं भीत भीत विचारलं.

"नवसाचं मला विचारू नकोस. मी तोंडाचं सांगितलं. देवाचं काय ते तुम्ही आणि देव बघून घ्या."

घरी आल्यावर हरणानं सासूला ताब्यात घेतलं. भामाबाईला आधी त्याची गंमत वाटली. "सांगलीला जाऊन लय शानी झालीस," म्हणून ती हसायची, आणि हसताना ओठ तडकला की गप्प व्हायची. पण ऐकायची. राखेनं तोंड घासायचं तिनं सोडलं. माळावर जाताना पदर नाकापर्यंत ओढून घेऊ लागली. हरणानं विहिरीची एक खेप वाढवली आणि सासूला भरल्या तांब्यामागं तांब्या पाजला, कारण पाणी लांबून आणायचं म्हणून म्हातारी गेली कित्येक वर्षं तहान मारूनच जगत होती. हरभऱ्याचा पाला खुडून आणून त्याचं कालवण केलं, तेही तिनं खाल्लं. फक्त जवसाची चटणी समोर ठेवली तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं.

"ह्यात त्याल न्हाई व्हय? घाण्यात घातलं तर काय निगंल ह्येच्यातनं?"

"आत्याबाई, ते त्याल न्हवं. जवस हाय."

"देवाला तू शिकवू नगंस. आनि मलाबी."

पाण्यानं आणि पाल्यानं थोडा फरक पडला. भेगा वाढायच्या थांबल्या, पण भरल्या नाहीत. मग पौषातली ती गारठ्याची सकाळ आली. भामाबाईला तोंडच उघडेना. ओठांच्या कडा रात्रीतून आवळून आल्या होत्या. हरणानं भाकरी पाण्यात कुस्करून बोटानं भरवली. तेवढ्यात म्हातारीला धुळ्याची आठवण झाली, तो लहानपणी असाच कुस्करा खायचा म्हणून, आणि डोळ्यांतून पाणी आलं. ते भेगांत उतरलं तशी ती कळवळली, आणि मग हसली.

"बग की गं हरणे, रडायची बी सोय न्हाई ऱ्हायली."

त्या दिवशी हरणानं शेळीचं दूध चुलीवर ठेवलं आणि आधणाच्या पाण्याऐवजी ते पिठात ओतलं. भाजलेल्या जवसाची पूड मूठभर त्यातच मिसळली. नवरा लढाईत आहे, त्याचा जीव या नवसाला टांगलेला आहे, आणि आपण तो नवस मोडतोय, हे तिला पक्कं कळत होतं. ती काही अडाणीपणानं करत नव्हती. तिनं मनात बिरोबाला सांगितलं, 'आत्याबाईस्नी ठावं न्हाई. त्यांचं सोडल्यालं सुटल्यालंच हाय. दोष आसंल तर माजा.' देवाला हे चालतं का, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

भाकरी जरा तांबूस भाजली, मऊ झाली. हरणानं वर मिरचीचा ठेचा जास्तच वाढला. भामाबाई पाठमोरी बसून जेवली. रोज अर्ध्यावर थांबायची, त्या दिवशी ताटात तुकडा उरला नाही.

मग ते रोजचंच झालं. माघ सरत आला तेव्हा खवलं गळाली, भेगा भरल्या. ओठांच्या कडांना कोवळं कातडं आलं. वस्तीवरच्या बाया बघायला आल्या. दगडाबाई सगळ्यांत आधी आली, काही झालंच नव्हतं अशा चेहऱ्यानं, आणि भामाबाईच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आगं, न्हान आलेल्या पोरीवानी झालीस की!"

भामाबाई म्हणाली, "बिरोबानं ऐकलं. तिकडं माजा धुळा खुशाल हाय, तवाच हितं माज्या तोंडाला पालवी फुटली." ती देवळात जाऊन नारळ फोडून आली. भेटेल त्याला हेच सांगायची. हरणा आत चुलीपुढं बसून ते ऐकायची. ज्यामुळं धुळ्याला धोका, त्यालाच आई शुभशकुन समजून मिरवत होती. हे आता सांगावं कसं?

एकदा तिनं धीर केला आणि पुन्हा पाण्यात पीठ मळायला लागली. आठवडाभरात भामाबाईचे गाल पुन्हा पांढुरके दिसू लागले. म्हातारी भाकरीचा एक तुकडा हातात घेऊन तशीच बसायची. शेवटी ती म्हणाली, "हरणे, माजं तोंड परत कोरडं पडतंय. माज्या धुळ्याचं काय बरंवाईट झालं न्हाई न्हवं? मला लय भ्या वाटतंय गं."

हरणाच्यानं ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दूध तापवलं.

जोतिबा आला तो चैत्र संपता संपता. तो विट्याकडचा, धुळ्याच्याच पलटणीतला. पायाला गोळी लागल्यामुळं त्याला घरी सोडलं होतं. काठी टेकत, माणसांना विचारत विचारत तो वस्तीवर आला तेव्हा नानासोही मेंढरं घेऊन परतला होता. जोतिबानं पाणी घेतलं, बसला, आणि बराच वेळ काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिला. भामाबाईनं काय ते ओळखलं.

"बोल बाबा. कवा?"

"होळीच्या आदी, आये. मोटी नदी व्हती. होड्यांतनं पल्याड निगालो व्हतो. धुळा पुडच्या होडीत व्हता. पल्याडनं गोळ्या सुटल्या." जोतिबानं काठी बाजूला ठेवली. "सरकारी कागद येईल तुमास्नी. मला वाटलं, कागदाच्या आदी मानसानं जावं."

भामाबाई रडली नाही. नानासो मेंढरांच्या वाड्याकडं तोंड करून उभा राहिला, तो वळलाच नाही. हरणाला फक्त एवढंच ऐकू आलं होतं, होळीच्या आधी. होळीच्या आधी तर इथं रोज दुधात पीठ मळलं जात होतं. आई बोटं चाटून जेवत होती आणि पोरगा तिकडं नदीत पडला होता. बायांनी येऊन तिच्या हातांतल्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. त्या काय करताहेत इकडं तिचं लक्षच नव्हतं. बाया म्हणत होत्या, पोरगी खुळावली दुःखानं. दुःख तर होतंच. पण त्या दुःखाच्या आत दुसरं काहीतरी होतं, आणि ते तिला नीट रडूही देत नव्हतं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. हरणानं अन्न सोडल्यातच जमा होतं. एका दुपारी नानासो मेंढरांमागं गेला होता आणि सासू-सुना घराच्या सावलीत बसल्या होत्या. हरणानं सासूचे पाय धरले.

"आत्याबाई, त्यास्नी मी मारलं."

भामाबाईनं तिच्याकडं बघितलं.

"मी तुमच्या भाकरीत दूध घालत व्हते. पौषापास्नं. जवस बी. तुमास्नी ठावं न्हवतं, मीच घालत व्हते. तुमचा नवस मी मोडला. मला मारा आत्याबाई, न्हाईतर घराभाईर काढा. पन आसं गप नगा बसू."

भामाबाईनं हरणाचे हात पायांवरून सोडवले आणि स्वतःच्या हातांत धरले.

"मला ठावं व्हतं."

हरणाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आगं, धनगराच्या पोटी जल्माला आले मी. दुधात मळलेली भाकरी मला कळनार न्हाई? पयल्या घासालाच कळली. थुकून टाकावा म्हनून घास जिभंवर धरला. पन दोन वर्सं ती चव न्हवती गं तोंडाला. थुकवला न्हाई मला." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द शोधून. "म्हनलं, आजच्यापुरतं. देव डोळे झाकंल. दुसऱ्या दिशी तू परत दिलीस. मी परत खाल्ली. मला कळतंय ह्ये तुला कळलं आसतं, तर तू थांबली आसतीस. म्हनून मी तुज्याकडं पाठ करून जेवायची."

"पन तुमी तर समद्यास्नी सांगत व्हता, बिरोबानं ऐकलं म्हनून..."

"मग काय सांगू? भामीला धीर निगाला न्हाई म्हनून सांगू?" म्हातारीचा आवाज फाटला. "आनि मदी तू थांबलीस बग. तवा मी काय म्हनलं तुला? धुळ्याचं बरंवाईट झालं आसंल म्हनलं. भ्या न्हवतं वाटत मला, हरणे. भूक लागली व्हती. पोराचं नाव सांगून मी दूध मागितलं तुज्याकडं. आईनं. म्हनून म्हनते, तू न्हाई मारलंस त्येला. तुला दया आली, आनि मला चव आली."

दूध आणि गोळी यांचा काही संबंध नसतो, हे सांगणारं त्या माळावर कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्या दोघींनी ते मानलं नसतं. हरणा इतके दिवस सगळा दोष एकटी उचलून बसली होती. आता म्हाताऱ्या बाईनं तो तिच्या हातून काढून घेतला होता, आणि मोकळं वाटायच्या ऐवजी हरणाला सासूची इतकी कीव आली की ती तिच्या मांडीत डोकं खुपसून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. नवऱ्यासाठी रडली, आणि सासूसाठीही. भामाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या मऊ गालांवरून आसवं वाहत होती आणि कुठं झोंबत नव्हती.

दिवस कलला. नानासो यायची वेळ झाली तशी हरणा डोळे पुसून उठली. तिनं चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं आणि तिचा हात अडला. शेळीचं दूध एका बाजूला होतं, आधणाचं पाणी एका बाजूला. तिनं दाराकडं बघून विचारलं, "आत्याबाई, कशात मळू?"

भामाबाई बाहेरून उठून उंबऱ्यात आली.

"दुधात मळ," भामाबाई म्हणाली. "आता कुनासाटी न्हाई म्हनू?"

हरणानं दुधात पीठ मळलं. त्या रडत्या घरात भाकरीला चव लागली नाही असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण ते खोटं होईल. भाकरी गोड झाली होती. भामाबाई आता सुनेकडं पाठ न करता समोर बसली होती, आणि रडत रडत ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खात होती.